व्याख्यान पुरे, आता बैठक: ज्येष्ठांच्या मनासाठी दहा आठवड्यांचा उपक्रम कसा चालवावा

ज्येष्ठ नागरिक संघात 'मनाचं आरोग्य' या विषयावरचा कार्यक्रम कसा होतो, हे आता पाठ झालंय. एक डॉक्टर बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचं, पाऊण तास 'आनंदी वार्धक्य' ऐकायचं, दोन प्रश्न, मग चहा-बिस्किटं. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो बहुतेक त्या दिवशी आलेलाच नसतो. आला असला तरी शंभर लोकांत उभं राहून 'मला रात्री रडू येतं' असं कोण म्हणेल?

व्याख्यानांना माझा विरोध नाही. पण त्यांनी फरक पडतो असं मानणं सोडून द्यावं. फरक कशाने पडतो, याचं चांगलं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक दवाखान्यांत 60 वर्षांपुढच्या 181 लोकांवर एक प्रयोग झाला. हे सगळे उदास, चिंताग्रस्त होते, पण आजार म्हणावा इतपत नैराश्य अजून आलेलं नव्हतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय एक कार्यकर्ता ठरावीक भेटींत भेटत होता, आणि हा कार्यकर्ता डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता. काम चार गोष्टींचं: अडचण सोडवायला शिकवणं, झोपेची घडी बसवणं, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगणं, आणि सरकारी योजना-दवाखान्यापर्यंत हात धरून नेणं. वर्षभराने पाहिलं तर नेहमीच्या उपचारांच्या गटात 14.4 टक्के लोकांना नैराश्य आलं होतं, या गटात 4.4 टक्के. हे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या संघात, सोसायटीत किंवा गावात हेच लहान प्रमाणावर करता येतं. 'आमच्याकडे असं कुणी नाही' असं वाटत असेल, तर 2017-18 ची 'लासी' ही देशव्यापी पाहणी आठवावी: 60 च्या वरच्या 8.3 टक्के लोकांना नैराश्य असावं असं तिच्यात दिसलं. म्हणजे 120 सभासदांच्या संघात साधारण दहा जण.

आधी माणसं निवडा, आणि माइक आवडणारी टाळा

चार-पाच कार्यकर्ते पुरेत. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतले, आशा ताई, कुणीही चालेल. अट एकच: समोरचा बोलत असताना मध्ये न तोडता दहा मिनिटं ऐकता आलं पाहिजे. ही अट सोपी वाटते. लावून पाहा, अर्धे पदाधिकारी गळतात.

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन एका मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा समुपदेशकाशी बोलून ठेवा. दोन गोष्टी मागा: सुरुवातीला दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि नंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर, अडलेल्या प्रसंगांबद्दल विचारायला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. देखरेख नसली की कार्यकर्ते महिन्याभरात सल्ले वाटायला लागतात: 'तुम्ही ना, ध्यान करा', 'मुलाला सरळ सांगून टाका', 'अहो आमच्या बहिणीचंही असंच होतं'.

प्रशिक्षणात एकमेकांवर सराव करा. एकाने आजी व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. गुप्ततेचं वचन लेखी घ्या. गाव लहान असलं की सासूने बैठकीत सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सुनेच्या कानावर जातं, आणि असं एकदा झालं की उपक्रम संपला.

धोक्याच्या वेळी काय करायचं, तो कागद पहिल्या दिवसाआधी तयार हवा

'देवाने आता उचलावं' हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास बोललं जातं की ऐकणारा हसून सोडून देतो. तसं करू नका. शांतपणे विचारा: 'म्हणजे जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' विचारल्यामुळे तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरेच जण मोकळे होतात. उत्तर 'हो' आलं, किंवा ठरवल्यासारखं काही कानावर आलं, तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं, साठवलेली औषधं आणि शेतीच्या फवारणीची विषारी औषधं कुलपात ठेवायला लावायची, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. गुप्ततेचं वचन इथे लागू नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. टेलिमानसची 14416 ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोनसेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

घरात मारहाण, उपाशी ठेवणं, सह्या घेऊन घर नावावर करून घेणं असं काही उघड झालं तर 14567, ज्येष्ठांची एल्डरलाइन. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये आणि संघाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत हवेत.

जागा आणि वेळ

दुपारी साडेचार ते सहा. वामकुक्षी झालेली असते, आणि दिवेलागणीला घरी पोचता येतं. तळमजला, हाताच्या खुर्च्या, जवळ कमोड असलेलं स्वच्छतागृह. शेवटची गोष्ट नसेल तर बायका येत नाहीत, आणि का येत नाहीत ते सांगतही नाहीत. खुर्च्या गोल मांडा, दहा-बारापेक्षा जास्त नकोत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना बोलणाऱ्याच्या समोर बसवा. व्यासपीठ, बॅनर, दीपप्रज्वलन काही नको. चहाची साखर वेगळी.

पहिली भेट घरी

कागद चिकटवून लोक येत नाहीत. कार्यकर्त्याने घरी जावं. संघात येणं बंद झालेले, नुकता जोडीदार गेलेले, मुलं परदेशी असलेले, पडून हाड मोडल्यापासून घरात बसलेले, यांची यादी आधी करा.

आपली आजी-आजोबा मंडळी 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. डोकं जड होतं, जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही, जेवण गोड लागत नाही, असं ऐकू येतं. म्हणून दोन प्रश्न सरळ विचारा: गेल्या दोन आठवड्यांत, पूर्वी आवडायचं त्यात मन रमेनासं झालंय का? आणि, उदास, खचल्यासारखं वाटतं का? बहुतेक दिवस तसं वाटत असेल तर पुढे ज्येष्ठांसाठीची 15 'हो-नाही' प्रश्नांची नैराश्य-मापनपट्टी वापरा. ती मोफत आहे, आणि प्रश्न मोठ्याने वाचून दाखवता येतात. पाचापेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरकडे पाठवायचं. तेही 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं न म्हणता: 'एकदा दाखवून घेऊ, मी येतो बरोबर.' निदान करणं आपलं काम नाही.

डॉक्टरकडे जाताना सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हे आवर्जून विचारा. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असेल तर बी-12 कमी असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि त्याने थकवा, विसराळूपणा, उदासी येऊ शकते. कानाची तपासणी विसरू नका. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो, आणि घरचे म्हणतात 'स्वभावच झालाय तसा'. ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, धोक्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे.

एक फरक सगळ्या कार्यकर्त्यांना घोकून पाठ हवा. विसरणं महिनोन्महिने हळूहळू वाढत असेल तर निवांत वेळ घेऊन डॉक्टरकडे जाता येतं. पण कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज अचानक भलतंच बोलायला लागले, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर ते म्हातारचळ नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवीन औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दहा बैठका

पहिल्या बैठकीत ओळख आणि नियम. ओळख करून देताना 'निवृत्त उपअभियंता' वगैरे नको. 'सकाळी उठल्यावर पहिलं काय करता' एवढं विचारा. दुसरी-तिसरी दिवसाच्या वेळापत्रकाची, चौथी ते सहावी अडचणी सोडवण्याची, सातवी झोपेची, आठवी-नववी आठवणींची, दहावी पुढचं ठरवण्याची. गटाला दुसरीकडे जावंसं वाटलं तर जाऊ द्या, फक्त अडचणींच्या तीन बैठका वाचवा.

वेळापत्रकाचं काम असं. मन खचलं की माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की आणखी खचतो. 'बरं वाटलं की जाईन' याची वाट पाहायची नाही, आधी जायचं. प्रत्येकाने आठवड्यासाठी तीन गोष्टी लिहायच्या: एक आवडीची, एक गरजेची, एक माणसांतली. आणि त्या इतक्या लहान हव्यात की टाळायला लाज वाटावी. 'रोज पाच किलोमीटर चालेन' नको, 'मंगळवारी आणि शुक्रवारी देवळापर्यंत' चालेल. ज्यांच्या गुडघ्यांना देऊळ लांब पडतं त्यांनी गॅलरीत उभं राहून समोरच्या वहिनींना हाक मारली तरी ती माणसांतली गोष्टच. 75 च्या पुढे एसटी मोफत आहे, 65 ते 75 अर्ध्या तिकिटात. बहिणीच्या गावी जायचं निमित्त एवढ्यावरही निघतं.

अडचण सोडवायची बैठक, जवळून

आमच्या गटातल्या एका मावशींचं उदाहरण सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. पती गेल्यावर त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं होतं. बैठकीत त्यांचं पहिलं वाक्य: 'माझं काही खरं नाही.'

एवढ्यावर काहीच करता येत नाही. म्हणून विचारायचं: 'येत्या आठवड्यात नेमकं काय येतंय, ज्याने पोटात गोळा येतो?' बराच वेळ काही नाही. मग, 'बँकेत जायचंय.' बँकेत काय? 'हयातीचा दाखला. मशीनवर अंगठा उमटत नाही. तो पोरगा म्हणतो, आजी पुन्हा लावा, पुन्हा लावा. मागे रांग असते.' आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईला रांगेपुढे उभं राहून सात-आठदा अंगठा लावायला लागणं, ही त्यांची अडचण होती. पैसे बंद होण्याच्या भीतीइतकीच ती लाजेची होती, आणि हे त्यांनी प्रथमच कुणाला सांगितलं.

आता फळ्यावर लिहायचं. अडचण एका ओळीत. मग हेतू, तोही मोजता येईल असा: 'महिनाअखेरपर्यंत दाखला जमा.' मग उपाय, चांगले-वाईट सगळे, कुणी हसलं तरी. गटातून आलेले उपाय असे: मुलाला बरोबर न्यायचं, शाखा व्यवस्थापकांना आधी भेटायचं, बँकेत दुपारी, गर्दी नसताना जायचं, पोस्टमनला घरी बोलावून डिजिटल दाखला करायचा, त्याला थोडं शुल्क पडतं, मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल हयातीचा दाखला करायचा, आणि एका आजोबांचा, 'पेन्शनच सोडून द्या, शांती लाभेल'. प्रत्येकापुढे फायदा-तोटा लिहायचा. मुलगा पुण्यात, सुट्टी मिळणार नाही. व्यवस्थापकांना भेटायला पुन्हा बँकेतच जायला लागणार.

निवड मावशींनीच करायची. कार्यकर्त्याची जीभ इथे सर्वांत जास्त वळवळते; आवरायची. त्यांनी मोबाइलचा मार्ग निवडला, पण एका अटीवर: 'शेजारच्या मुलीला मी विचारणार नाही, तुम्ही विचारा.' तेही पुढे बदललं. कधी, किती वाजता, काय शब्दांत विचारायचं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांनी स्वतःच विचारलं. पुढच्या बैठकीला पहिलं काम आढाव्याचं: झालं का? नसेल तर काय आडवं आलं? 'प्रयत्न का नाही केलात' हा प्रश्न बंद.

बँकेचं काम बैठकीशिवायही झालं असतं, हे खरं. पण गाठ पडल्यावर ती सोडवायची रीत हातात आली की माणूस पुढची गाठ स्वतः हाताळतो, आणि ही रीत दुसऱ्याने काम करून दिल्याने येत नाही.

झोप

इथे बहुतेक घोळ हिशेबाचा असतो. रात्री साडेआठला जेवून आडवं व्हायचं, तीनला जाग, मग साडेपाचपर्यंत छताकडे बघत पडायचं, आणि सकाळी डॉक्टरला सांगायचं 'झोपच लागत नाही'. साडेआठ ते तीन म्हणजे पडल्यापडल्या झोप लागली तर साडेसहा तास झाले. या वयाला ते फार कमी नाहीत; गादीवर मात्र नऊ तास गेले.

नियम चार. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. डोळे मिटायला लागल्याशिवाय गादीवर जायचं नाही. जाग आली आणि झोप परत येत नसेल तर उठून खुर्चीत बसायचं, जपमाळ, रेडिओ हलक्या आवाजात, काहीही, मोबाइल नको. आणि गादीवरचा एकूण वेळ कमी करायचा: खरी झोप सहा तासांची असेल तर अकरा ते साडेपाच एवढाच वेळ द्यायचा, सहा तासांखाली कधीच नाही. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, हे आधीच सांगा. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. रात्री उठायला लागणार म्हणून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा हवाच. फिट येणाऱ्यांना, तोल जाणाऱ्यांना आणि ज्यांना कधीकाळी उन्मादाचा आजार झाला होता त्यांना हा वेळ कमी करण्याचा नियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती एकदम बंद करणं धोक्याचं असतं. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आठवणींच्या बैठका

या सर्वांत लोकप्रिय. 'बालपणाबद्दल बोला' असं म्हटलं की मात्र सगळे गप्प. काहीतरी ठोस पुढे ठेवा. पुण्यात असाल तर 12 जुलै 1961, पानशेत: तुम्ही कुठे होता, पाणी कुठवर आलं? सातारा-कराडकडे 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनेचा भूकंप. मुंबईत 1964 साली बंद झालेली ट्राम, 1982 चा गिरणी संप. मराठवाड्यात 1972 चा दुष्काळ, तेव्हा खाल्लेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. जुनं रेशनकार्ड, वात्यांचा स्टोव्ह, शाळेची पाटी बरोबर आणायला सांगा. बोलताना सारखं 'तेव्हा तुम्ही काय केलंत?' हे विचारा. ज्याने त्या दुष्काळात खडी फोडून चार पोरं जगवली, त्याला आज 'मी काही कामाचा नाही' असं वाटत असतं. त्याच्या तोंडून तो काळ निघाला की शेजारी बसलेलेच त्याला सांगतात.

प्रत्येक आठवण सुखाची नसते. कुणी थांबलं तर पुढे ढकलू नका. त्या व्यक्तीशी नंतर, एकट्याने बोला.

जोडीदार गेलेले, आणि गप्प बसणारे पुरुष

जोडीदार गेल्यावर लगेच गटात ओढायची घाई नको; घरी जाऊन बसा, नुसतं बसा. पण वर्ष उलटूनही माणूस तिथेच अडकलेला असेल तर तज्ज्ञाकडे न्या. आणि संघात हळदीकुंकू होत असेल तर ते सगळ्या बायकांसाठी करा किंवा करूच नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथांविरुद्ध मे 2022 मध्ये ठराव केला. गाव करू शकतं तर संघाला अडचण कसली? ज्या बाईला एका वर्षी बोलावलं आणि पुढच्या वर्षी वगळलं, तिच्या मनाच्या आरोग्यावर आपण व्याख्यान ठेवू नये.

पुरुष गोलात बसून बोलत नाहीत. त्यांना काम द्या: हजेरीवही, खुर्च्या, नळाचा वॉशर, कॅरमचा तक्ता. शेजारी शेजारी हात चालू असले की तोंड उघडतं.

घरच्यांसाठी एक वेगळी दुपार

मुलगा, सून, लेक, रात्रपाळीची सेविका यांना एकदा वेगळं बोलवा, ज्येष्ठांशिवाय. डिमेन्शिया झालेल्या सासऱ्यांना तीनशेसाठ वेळा तेच उत्तर देणाऱ्या सुनेला कुणी 'तू कशी आहेस' विचारत नाही. इथे उपदेश नको. आठवड्यातून दोन तास दुसरं कोण बसेल, एवढंच ठरवून उठा.

कागदपत्रं

पैशाच्या काळजीवर समुपदेशन चालत नाही, अर्ज चालतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये खात्यात येतात. मनःस्वास्थ्य केंद्र आणि योगोपचार केंद्राचा खर्चही त्यात धरलेला आहे. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करता येतो, निर्वाहभत्ता दरमहा 10,000 रुपयांपर्यंत ठरू शकतो. नोंदवायच्या आधी त्या व्यक्तीला चार दिवस विचार करू द्या. अर्जानंतर राहायचं त्याच घरात असतं.

मोजायचं काय

तीच 15 प्रश्नांची पट्टी दहाव्या आठवड्यात आणि त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा. गुण कुणालाच जाहीर करू नका, वार्षिक अहवालात फक्त एकूण आकडा द्या. गुण वाढले असतील तर त्या आठवड्यात घरी जाऊन या आणि देखरेखीच्या फोनवर तो विषय आधी काढा.

न आलेल्यांना त्याच संध्याकाळी फोन करायचा, हा एक नियम दहाव्या बैठकीनंतरही चालू ठेवा. त्यासाठी गटातल्याच दोघांना नेमा, जोडीने, म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा आहे. पट्टीचे भरलेले कागद संघाच्या कपाटात नको; देखरेख करणाऱ्या समुपदेशकाकडे कुलपात द्या, आणि पदाधिकारी बदलले तरी किल्ली तिथेच राहू द्या.